सिनेटचं दार आणि दारावरचा मुकादम

मागल्या पदवीधर मतदारसंघाच्या वेळेस एका पक्षाची पोरं आमच्या चाळीत आली. हातात अर्जांचा गठ्ठा. "ग्रॅज्युएट कोण कोण आहे इथं?" मी नुकताच पाळी संपवून आलो होतो. केसात सिमेंटची पूड, खांद्याला हूक. म्हटलं, मी मॅट्रिक आहे. पोरगं हसलं. "मग यात तुमचं काम नाय, दादा." आणि गठ्ठा घेऊन वरच्या माळ्यावर गेलं. वरच्या माळ्यावरूनही लगेच खाली आलं. आमच्या अख्ख्या चाळीत त्याला दोन अर्ज भरून मिळाले.

विधान परिषदेतल्या बारापैकी एक जागा पदवीधरांची. आम्ही ज्या बोटी भरतो-रिकाम्या करतो त्यांच्यावर कर किती, गोदीची जमीन कुणाला, यावर ते सभागृह बोलणार, आणि त्या जागेसाठी मला मत नाही, कारण माझ्याकडे डिग्रीचा कागद नाही. कागद का नाही हे विचारायला कुणी अर्ज घेऊन येत नाही.

ही गोष्ट मी आमच्या अभ्यासवर्गात सांगितली. तर एक दोस्त, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा, उसळून बोलला : "ही वरची सभागृहं एकदा थेट जनतेच्या मतावर आणली की विषय संपला. अमेरिकेनं १९१३ साली हेच केलं. आधी सिनेटर आमदार निवडायचे, मग जनता निवडायला लागली. झाली लोकशाही!"

दोस्त माझा आहे, हुशार आहे. पण त्याचं ते 'झाली लोकशाही' माझ्या घशात हाडकासारखं अडकलं. म्हणून पाळ्या सांभाळून, मिळेल ते वाचून, हा कागद लिहिला. भांडण त्याच्याशी आहे, आणि त्याच्यासारखं बोलणाऱ्या आपल्या सगळ्यांशी आहे.

आधी दोस्ताच्या बाजूनं बोलतो. त्याचं अर्धं खरं आहे.

अमेरिकेच्या घटनेत १७८७ साली लिहून ठेवलं की प्रत्येक राज्याचे दोन सिनेटर, आणि ते निवडणार त्या राज्याचं विधिमंडळ. खालच्या सभागृहात सामान्यांचे प्रतिनिधी, वर जरा 'भारदस्त' माणसं. जनतेच्या डोक्यावर झाकण पाहिजे ना! सव्वाशे वर्षं हे झाकण राहिलं आणि त्याच्याखाली काय काय शिजलं ते बघा.

मोंटाना राज्य. जमिनीखाली तांबं, जमिनीवर तांब्याचे राजे. त्यातला एक विल्यम क्लार्क. खाणी त्याच्या, बँका त्याच्या, वर्तमानपत्रं त्याची. आता त्याला सिनेटर व्हायचं होतं. १८९९ च्या जानेवारीत विधिमंडळात फ्रेड व्हाइटसाइड नावाच्या सदस्यानं तीस हजार डॉलरच्या नोटा सगळ्यांसमोर आणल्या. म्हणाला, हे क्लार्कच्या माणसांनी मतं विकत घ्यायला दिलेले पैसे. तुम्हाला वाटेल क्लार्क संपला. नाय. थोड्याच दिवसांनी त्याच विधिमंडळानं क्लार्कलाच निवडून दिलं. आणि व्हाइटसाइडची स्वतःची निवडणूक रद्द ठरवून त्याला घरी पाठवलं! वॉशिंग्टनला सिनेटच्या समितीनं चौकशी केली, क्लार्कची निवड खोटी ठरवली. ठराव मताला यायच्या आत, मे १९०० मध्ये, क्लार्कनं राजीनामा दिला. इकडं गव्हर्नर राज्याबाहेर गेलेला. लेफ्टनंट गव्हर्नरनं त्याच रिकाम्या जागेवर पुन्हा क्लार्कचीच नेमणूक करून टाकली. गव्हर्नरनं परत येऊन ती मोडली. तरी १९०१ साली नव्या विधिमंडळानं त्याला निवडलंच, आणि १९०७ पर्यंत तो बाप्या सिनेटमध्ये बसला.

इलिनॉय राज्य. विल्यम लॉरिमर. महिनोन्महिने विधिमंडळात कुणालाच बहुमत मिळेना, शेवटी मे १९०९ मध्ये हा निवडून आला. वर्षभरानं एका आमदारानं पेपरात कबुली दिली : लॉरिमरला मत द्यायला मला हजार डॉलर मिळाले. सिनेटनं १९११ साली आधी त्याला निर्दोष सोडलं. बोंबाबोंब थांबेना, तेव्हा १९१२ च्या जुलैत त्याची निवड रद्द केली.

डेलावेअरची तऱ्हा आणखी वेगळी. तिथं एका गॅस कंपनीवाल्याच्या सिनेटर व्हायच्या हट्टापायी विधिमंडळ असं तुंबलं की १९०१ ते १९०३ या काळात त्या राज्याला सिनेटमध्ये एकही माणूस नव्हता.

तेव्हा सिनेटला लोक 'कोट्यधीशांचा क्लब' म्हणायचे. १९०६ साली डेव्हिड ग्रॅहम फिलिप्स या पत्रकारानं मासिकातून एकेका सिनेटरचे धागे उसवले. कोण रेल्वेचा, कोण तेलाचा, कोण साखरेचा. सिनेटमधला सगळ्यात मोठा पुढारी नेल्सन ऑल्ड्रिच. त्याची मुलगी रॉकफेलरच्या घरात सून. आता सांगा, तेलावर कायदा कोण करणार?

माझा आजा याच गोदीत होता. तो सांगायचा, पहाटे दारावर माणसं उभी राहायची आणि मुकादम बोट दाखवायचा : तू, तू, आणि तू. बाकीचे घरी. ज्याच्याकडे बोट गेलं त्यानं संध्याकाळी मुकादमाचा हात ओला करायचा. अमेरिकेच्या सिनेटला दार होतं आणि दारावर मुकादम होता, विधिमंडळ नावाचा. फरक एवढाच की आमच्या मुकादमाला चार आणे लागायचे, त्यांच्या मुकादमाला हजाराच्या नोटा.

लोक चिडले हे बरोबरच झालं. शेतकऱ्यांच्या पॉप्युलिस्ट पक्षानं १८९२ पासून थेट निवडणुकीची मागणी लावून धरली होती. ओरेगन राज्यातल्या लोकांनी तर घटना बदलायची वाट पाहिली नाही. आधी जनतेचा कौल घ्यायचा आणि आमदारांनी तोच पाळायचा, असा कायदा मतदारांनीच करून घेतला. १९०९ साली तिथल्या रिपब्लिकन विधिमंडळाला डेमोक्रॅट चेंबरलेनला निवडून द्यावं लागलं, कारण लोकांनी त्याला कौल दिला होता. तोंड वाकडं करून दिला, पण दिला. असं करत निम्म्याहून जास्त राज्यं कुठल्या ना कुठल्या रीतीनं जनतेला विचारायला लागली. शिवाय दोन-तृतीयांश राज्यांनी मागणी केली तर घटना बदलायला वेगळी परिषद बोलवावी लागते, आणि तो आकडा जवळ येत चालला. तेव्हा सिनेटला घाम फुटला. ८ एप्रिल १९१३ ला सतराव्या घटनादुरुस्तीला पुरेशा राज्यांची मंजुरी मिळाली. ३१ मेला ती जाहीर झाली. यापुढं सिनेटर 'जनतेनं निवडलेले'.

इथं माझा दोस्त टाळ्या वाजवतो. आणि इथंच मी त्याचा हात धरतो. थांब. जनता म्हणजे कोण?

मिसिसिपीला चल. १९१० च्या शिरगणतीत मिसिसिपीत निम्म्याहून जास्त माणसं काळी होती. कापूस त्यांनी वेचायचा, गाठी त्यांनी बांधायच्या, बोटीवर त्यांनी चढवायच्या. पण १८९० सालीच गोऱ्यांनी नवी राज्यघटना करून त्यांची नावं यादीतून उडवली होती. त्यातल्या मताच्या कलमांत 'काळा' हा शब्द कुठंच नाही! हुशारी बघ. फक्त दोन डॉलर मतपट्टी भरा. आणि घटनेचं एखादं कलम वाचून दाखवा, नाहीतर वाचलेलं ऐकून त्याचा अर्थ सांगा. अर्थ बरोबर की चूक हे ठरवणार गोरा कारकून. गोऱ्या अडाण्याचा अर्थ बरोबर, काळ्या मास्तरचा अर्थ चूक. आपल्याकडं वेद कानावर पडला तर कानात तापलेलं शिसं ओतायला सांगणारी शास्त्रं होती. तिकडं घटनेचा 'अर्थ' आला नाही म्हणून मत गेलं. पोथी वेगळी, भटजी तोच. १८९८ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं यालाही 'ठीक आहे' म्हटलं.

लुइझियानात १८९६ साली एक लाख तीस हजारांवर काळे मतदार होते. १८९८ च्या नव्या घटनेनंतर, १९०४ साली, उरले तेराशेच्या आसपास. पुन्हा वाचा. एक लाख तीस हजार. तेराशे.

आता सतराव्या दुरुस्तीची ओळ बघ. सिनेटर जनता निवडेल. पण मतदार कोण? तर त्या त्या राज्यात विधिमंडळाच्या मोठ्या सभागृहाला जो मत देतो, तोच. म्हणजे यादी जुनीच! जी यादी मिसिसिपीच्या गोऱ्यांनी धुऊन पांढरी केली, तीच यादी आता सिनेटर निवडणार. आमदारांच्या हातातलं दार काढून घेतलं आणि त्या आमदारांना निवडणाऱ्या गोऱ्यांच्या हातात दिलं.

पुढं काय झालं तेही मिसिसिपीतच बघ. १९१० साली तिथल्या विधिमंडळानं लिरॉय पर्सी या बड्या मळेवाल्याला सिनेटर केलं. थिओडोर बिल्बो नावाच्या सदस्यानं आरोप केला की पर्सीला मत द्यायला मला लाच दिली. पुन्हा तीच बोंब, मुकादम लाचखोर! मग १९११ साली लोकांसमोर निवडणूक झाली आणि मळेवाला सपशेल आपटला. गरीब गोऱ्या शेतकऱ्यांनी निवडून दिला जेम्स वार्डमन. हाच वार्डमन गव्हर्नर असताना त्यानं काळे शिक्षक तयार करणाऱ्या शाळेचं अनुदान रोखलं होतं. काळ्यांना झाडाला टांगून मारण्याचं जाहीर समर्थन करणारा हा माणूस. श्रीमंताला पाडून गरिबांनी निवडलेला, लाच न देता आलेला, 'जनतेचा' सिनेटर. आणि तो बिल्बो? तोही पुढं १९३५ साली जनतेच्या मतांवरच सिनेटमध्ये गेला आणि मरेपर्यंत काळ्यांविरुद्ध विष ओकत राहिला.

दोस्ता, हीच ती 'झाली लोकशाही'.

आणि त्याच मिसिसिपीची दुसरी गोष्ट ऐक, म्हणजे डोकं आणखी भणाणेल. अमेरिकेच्या सिनेटमध्ये बसलेला पहिला काळा माणूस हायरम रेव्हल्स. साल १८७०. दुसरा ब्लँच ब्रूस, जन्मानं गुलाम, १८७५ ते १८८१ पूर्ण मुदत बसला. दोघंही मिसिसिपीचे. दोघांनाही निवडलं कुणी? थेट जनतेनं नाही, विधिमंडळानं! त्याच 'भ्रष्ट' जुन्या पद्धतीनं. कारण यादवी युद्धानंतर थोडी वर्षं गुलामीतून सुटलेल्या माणसांना मत होतं आणि त्यांच्या मतांवर काळे आमदार विधिमंडळात बसले होते. ते आमदार गेले, रेव्हल्स-ब्रूसही गेले. ब्रूसनंतर सिनेटमध्ये पुढचा काळा माणूस कधी आला? एडवर्ड ब्रूक, मॅसॅच्युसेट्समधून निवडून आला १९६६ साली, जाऊन बसला १९६७ मध्ये. शहाऐंशी वर्षं! त्यातली पन्नासेक वर्षं थेट निवडणुकीची.

म्हणजे मुद्दा पद्धतीवर संपत नाही. यादीत आपण आहोत का, आणि शेवटचं बोट कुणाचं, इथं तो येऊन थांबतो.

हे त्या वेळच्या लोकांना कळत नव्हतं असं समजू नका. चांगलंच कळत होतं. १९११ साली ही दुरुस्ती काँग्रेसमध्ये आली तेव्हा खालच्या सभागृहानं तिला एक शेपूट जोडून पाठवली : सिनेटच्या निवडणुकीत लक्ष घालायचा केंद्राचा अधिकार काढून टाका, सगळं राज्यांवर सोडा. दक्षिणेच्या गोऱ्या पुढाऱ्यांना तेच हवं होतं. उद्या वॉशिंग्टननं काळ्यांच्या मताचं विचारलं तर? कॅन्ससच्या ब्रिस्टो नावाच्या सिनेटरनं ते शेपूट कापायची सूचना मांडली. मतं पडली ४४ विरुद्ध ४४. उपाध्यक्ष शर्मननं आपलं मत टाकलं तेव्हा शेपूट कापलं गेलं. एका मतावर! पुढं वर्षभर दोन्ही सभागृहं अडून बसली आणि शेवटी १९१२ च्या मेमध्ये शेपटाशिवाय दुरुस्ती मंजूर झाली. अधिकार कागदावर वाचला. पण वापरला कुणी? पन्नास वर्षं तो तसाच पडून. १९२२ साली झाडाला टांगून मारण्याविरुद्धचा कायदा खालच्या सभागृहानं मंजूर केला. सिनेटमध्ये दक्षिणेच्या सिनेटरांनी भाषणांचा चऱ्हाटा वळून तो मारला. असा कायदा अखेर झाला तो २०२२ साली. शंभर वर्षं झाडं लटकलेली माणसं मोजत राहिली.

आणि यादीत नाव आलं तरी शेवटचं बोट राहतंच. दक्षिणेत डेमोक्रॅटिक पक्षाचंच राज्य. पक्षाचा उमेदवार ठरला म्हणजे सिनेटर ठरला, खरी निवडणूक नावापुरती. मग पक्षाची ती पहिली फेरी, प्रायमरी, फक्त गोऱ्यांची केली. टेक्सासनं १९२३ साली सरळ कायदाच केला. कोर्टानं तो १९२७ साली मोडला, त्यांनी पळवाटा काढल्या. ह्यूस्टनचा काळा दंतवैद्य लॉनी स्मिथ लढला तेव्हा १९४४ साली कुठं गोऱ्यांची ही प्रायमरी पडली.

प्रायमरी हा शब्द वाचला आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण तो आपल्या घरचा शब्द आहे. २४ सप्टेंबर १९३२, येरवडा. गांधींचं उपोषण, बाबासाहेबांच्या डोक्यावर अख्ख्या देशाचं ओझं, आणि पुणे करार. स्वतंत्र मतदारसंघ गेले. बदल्यात राखीव जागा आणि प्रायमरी : अस्पृश्य मतदारांनी आपल्यातले चार जण निवडायचे, मग त्या चारांतला कोण जाणार ते संयुक्त मतदारसंघ ठरवणार. तिकडं पहिली फेरी फक्त गोऱ्यांची आणि नंतरची नावापुरती सगळ्यांची. इकडं पहिली फेरी आपली आणि नंतरची सवर्ण बहुमताची. उलटसुलट करून बघा, ज्या फेरीत निकाल लागतो ती त्यांच्याच हातात. पुढं ती पहिली फेरीही गेली. राखीव जागा राहिल्या, आणि कुणाचा दलित निवडून यायचा हे ठरवणारं बोट राहिलं.

बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले ते १९१३ च्या जुलैत. सतरावी दुरुस्ती जाहीर होऊन दोन महिनेही झाले नव्हते. त्या देशात त्यांनी तीन वर्षं काढली. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे नेते डू बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांनी युनोत न्यायच्या अर्जाची माहिती मागवली. आपली आणि त्यांची दुखणी सारखी आहेत हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. आणि त्याच १९४६ साली बाबासाहेब घटना समितीत कसे गेले? मुंबईच्या विधिमंडळातून वाट बंद. बंगालच्या विधिमंडळातून, जोगेंद्रनाथ मंडलांनी जोर लावला म्हणून गेले. १९५२ साली मुंबईत थेट जनतेच्या निवडणुकीत घटनेच्या शिल्पकाराला या शहरानं पाडलं. तेव्हा ते राज्यसभेत गेले, आमदारांच्या मतांवर. रेव्हल्स आणि ब्रूससारखेच, मागच्या दारानं म्हणा हवं तर. पण आत आपली माणसं होती म्हणून ते दार उघडलं.

म्हणून मी आमदारांच्या पद्धतीचा वकील झालो असं समजू नका. अमेरिकेतही काही उजवे आज म्हणतात, सतरावी दुरुस्ती रद्द करा, पुन्हा विधिमंडळाकडं द्या. त्यांच्या पंगतीला मी बसणार नाही. जून २०२२ च्या राज्यसभेच्या निवडणुकीत आपल्या पक्षांनी आपापले आमदार हॉटेलांत नेऊन ठेवले ते आपण पाहिलं. माल गोदामात ठेवतात तसे. आम्ही गोदीतली माणसं, गोदाम आम्हाला कळतं : ज्या मालाची चोरी होते त्यालाच कुलूप लागतं. ते कुलूप फुटलं पाहिजे. पदवीधरांची जागा तर आधी गेली पाहिजे. आणि राज्यसभेत, विधान परिषदेत आपल्याला एकही राखीव जागा नाही, हे किती जणांना ठाऊक आहे?

पण कुलूप फोडून आत गेल्यावर कळलं की यादीत नावच नाही, तर काय करणार? तेच उत्तर काळ्यांनी शोधलं. १९६५ च्या सुरुवातीला अलाबामातल्या लाउंड्स काउंटीत दर पाचातली चार माणसं काळी, आणि यादीत काळा मतदार शून्य. सतराव्या दुरुस्तीला बावन्न वर्षं झाली होती! तिथल्या शेतमजुरांनी मार खात, गोळ्या झेलत, झोपड्या गमावून तंबूत राहत नावं नोंदवली. स्वतःचा पक्ष काढला. पक्षाला चिन्ह लागतं, कारण बऱ्याच लोकांना अक्षर येऊ दिलं नव्हतं. चिन्ह घेतलं काळा पँथर. दोस्तांनो, ज्या जनावराचं नाव ओकलंडच्या पोरांनी १९६६ साली घेतलं आणि १९७२ साली मुंबईच्या आपल्या पोरांनी घेतलं, ते जनावर आधी मतपत्रिकेवर छापलेलं होतं. अडाणी मजुराला आपल्या मताची जागा ओळखता यावी म्हणून. नोव्हेंबर १९६६ ची ती निवडणूक ते हरले. पण शून्याचं खातं मोडलं. १९६५ च्या मतदान हक्क कायद्यानंतर मिसिसिपीत नोंदलेले काळे मतदार शेकडा सातपेक्षा कमी होते ते दोन वर्षांत निम्म्यावर गेले. ही खरी सतरावी दुरुस्ती. आणि तीही कायमची नाही : २०१३ साली, म्हणजे १९१३ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, सुप्रीम कोर्टानं त्या कायद्याचा कणाच काढून घेतला.

तेव्हा बी.ए.वाल्या दोस्ता, तुझी मागणी मला मान्य. मोर्चात मी तुझ्या पुढं चालेन. फक्त 'झाली लोकशाही' म्हणू नकोस. रविवारी माझ्याबरोबर चल. आपल्या वस्तीची मतदार यादी काढू, दारोदार नाव लावून बघू. पुलाखालची माणसं, भाड्याच्या खोलीतली, पाडलेल्या झोपडीतली, यादीतून कोण कोण गळलंय ते वहीत लिहू. तुझ्याकडं पेन आहे, माझ्याकडं खांदा आहे.

आजा म्हणायचा, मुकादम बदलला म्हणून पाळी बदलत नाही. बोट मोडलं पाहिजे.

जयभीम.